तिसरं कपाट घेऊ का?

*वाचकांचे प्रश्न, हिशेबनीस काकूंची उत्तरं*

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की यंदा दसरा काढताना घरातलं सामान नुसतं धुऊन-पुसून परत जागेवर ठेवू नका, मोजा. त्यावर इतकी पत्रं आली की माझ्याच टेबलावर अडगळ झाली. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, "काकू, विकलं तर किती येतील?" त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. फार येणार नाहीत. अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यात मी हिशेब लिहायचे. मार्च अखेरीला गोदामातला माल मोजायचा आणि पडून राहिलेला माल वेगळा लिहायचा. तो विकून मालकाला कधी फायदा झाला नाही. फायदा व्हायचा तो पुढच्या वर्षी त्या नमुन्याचं सूत न घेतल्यानं. घराचंही तसंच आहे. आता एकेक पत्र घेऊ.

"जुळे सोलापुरात आमचा ७८० चौरस फुटांचा फ्लॅट आहे, चार वर्षांपूर्वी ३२ लाखांना घेतला. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. दोन कपाटं भरली, दिवाणाच्या पोटात जागा नाही, गॅलरीत पोती आहेत. दुकानदार १८,५०० चं तीन दारी कपाट महिना १,७०० च्या हप्त्यानं बारा महिन्यांत देतोय. हे म्हणतात घेऊन टाक. मोबाइलवर एक बाई सांगतात, वर्षभर हात लागला नाही ती वस्तू बाहेर काढा. तसं केलं तर सासूबाई मलाच बाहेर काढतील. कपाट घेऊ का?"

नका घेऊ. निदान संक्रांतीपर्यंत तरी नका.

१,७०० गुणिले बारा म्हणजे २०,४००. म्हणजे १८,५०० च्या कपाटाला १,९०० रुपये जास्तीचे. आणि ते ठेवणार कुठे? तीन दारी कपाट चार फूट रुंद, दोन फूट खोल धरलं तर आठ चौरस फूट जागा अडते. तुमच्या फ्लॅटचा भाव चौरस फुटाला साधारण ४,१०० पडला. म्हणजे जवळजवळ ३३ हजारांच्या फरशीवर तुम्ही साडेअठरा हजारांचं कपाट उभं करणार आणि त्यात ठेवणार काय, तर आहेरात आलेले टॉवेल! कपाट न घेतल्यानं हे ३३ हजार काही हातात येणार नाहीत, मला कळतं. पण मोठं घर घ्यायची भाषा घरात अशीच सुरू होते. कपाट मावत नाही, मग खोली मावत नाही, मग "तीन खोल्यांचा बघू या का?"

त्या मोबाइलवरच्या बाईंचं ऐकू नका. वर्षभर हात न लागलेली वस्तू टाका, हा नियम आपल्या घरांना लागू पडत नाही. पुरणयंत्र होळीला निघतं, सोऱ्या दिवाळीला. जाड चादर सोलापुरात पंधरा-वीस रात्री अंगावर घेतली तर घेतली. ह्या वस्तू वर्षानं टाकल्या तर पुढच्या सणाला परत विकत घ्याव्या लागतील. मी दुसरं विचारते. ही वस्तू उद्या लागली तर शेजारून किंवा नणंदेकडून तासाभरात मागून आणता येईल का? आणता येत असेल तर आपल्याकडे नसली तरी चालेल. मोठी शिडी, पन्नास माणसांचं पातेलं, इडलीचा तिसरा स्टँड ह्याच रांगेतले.

आता काम सांगते. एक रविवार घ्या आणि त्या दिवशी काहीही टाकू नका. फक्त मोजा. मुलीच्या जुन्या वहीत मागची कोरी पानं असतील, त्यात लिहा. चादरी किती, टॉवेल किती, ब्लाउजपीस किती, प्लास्टिकचे डबे किती, त्यांची झाकणं किती (हा आकडा कधीच जुळत नाही), कात्र्या किती, मोबाइलचे चार्जर किती, उघडलेली मसाल्याची पाकिटं किती. सासूबाईंना वही धरायला द्या. "हे टाकू का?" विचारलं की त्या नाही म्हणणार. "हे किती आहेत?" विचारलं की त्या स्वतःच म्हणतील, "अगंबाई, एवढे?"

चादरींचंच घ्या, कारण सोलापूरच्या घरात सगळ्यात मोठा ढीग तोच असतो. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण चादर देतो आणि आपल्या घरच्या लग्नात आपल्यालाही चादरीच येतात. पाच माणसांना अंगावर एक, धुण्यात एक, अशा दहा. पाहुण्यांच्या चार. चौदा झाल्या. तुमच्या पत्रात गॅलरीतल्या पोत्यांत काय आहे ते लिहिलेलं नाही, पण मी पैज लावते, निम्म्यात चादरी आणि टॉवेल आहेत. चौदाच्या वरच्या, घडी न मोडलेल्या चादरी वेगळ्या काढा आणि वर्षभराच्या आहेराला त्याच वापरा. प्रत्येकीवर चिठ्ठी लावा, ही कुणाकडून आली. ब्लाउजपीसलाही लावा. नाहीतर मावसजावेनं दिलेला खण मावसजावेच्याच ओटीत जातो आणि ती तो काठ बरोबर ओळखते. घरात वर्षाकाठी आठ-दहा कार्यं असतील तर नवा आहेर घ्यायचे जे पैसे वाचतील, ते भंगारवाल्याच्या पैशापेक्षा कितीतरी जास्त भरतील. वापरून विरलेल्या चादरी-साड्यांची वाकळ शिवून घ्या. शिवणारी मिळत नसेल तर पायपुसणी करा, पण मग बाजारातून पायपुसणी आणू नका.

मोजून झालं की कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. वर लिहा "पुढच्या दसऱ्यापर्यंत घ्यायचं नाही". त्याखाली ज्या वस्तू गरजेपेक्षा जास्त निघाल्या त्यांची नावं. होम मैदानावर गड्डा भरला की हा कागद पर्समध्ये घेऊन जा. गड्ड्यावर जाऊ नका असं मी कोण सांगणार, सिद्धेश्वराची यात्रा आहे. पण काचेचे सहा पेले आणि प्लास्टिकची चाळण तिथंच घेतली जाते आणि घरी आल्यावर कळतं की दोन्ही होतंच.

त्याच महिन्यात हळदीकुंकू येतं. वाण म्हणून वाट्या, डबे, चमचे वाटायचं थांबवा. तुम्ही थांबवलंत तर दुसऱ्या घरचाही ढीग कमी होईल. तिळगुळाबरोबर शेंगाचटणीची पुडी द्या, काडेपेटीचा पुडा द्या, अंगाचा साबण द्या. खाऊन किंवा वापरून संपेल असं काहीही.

एक इशारा. जुन्या साड्या घेऊन भांडं देणारी बोहारीण दारात आली की "अडगळ गेली" असं वाटतं. दहा साड्या जातात आणि स्टीलचं एक घमेलं येतं. कपाट रिकामं झालं, मांडणी भरली. भांडं खरंच हवं असेल तरच द्या.

संक्रांतीनंतरही जागा पुरत नसेल तर मला परत लिहा. तेव्हा कपाट घ्यायचं म्हणाल तर घ्या, पण रोखीनं.

"आजेसासूंच्या काळातली पितळेची आणि तांब्याची भांडी माळ्यावर आहेत. मोडीत घालू का? फेरीवाला सरसकट वजनावर भाव सांगतोय." (बाळीवेस)

सरसकट भावावर काहीच देऊ नका. तांबं आणि पितळ आधी वेगळं करा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यामुळे मोडीत तांब्याला जास्त भाव येतो. दोन्ही एकाच तराजूत टाकली तर तांबं पितळेच्या भावानं जातं. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली त्यात मिसळू नका, त्यांचा भाव आणखी खाली. घरी काट्यानं वजन करून लिहून ठेवा. मग एकाच दिवशी दोन भांड्यांच्या दुकानांत मोडीचा भाव विचारा. दुकानदार "त्याबदल्यात स्टीलचा डबा घ्या" म्हणाला तर मोडीचे पैसे किती आणि डब्याचे किती, हे दोन आकडे वेगवेगळे बोलायला लावा. अदलाबदलीत नेमका हाच हिशेब झाकला जातो.

आणि सगळी देऊ नका. तीच कळशी उद्या दिवाणखान्यात शोभेला हवीशी वाटली तर नव्या पितळेला धातूचा भाव आणि वर घडणावळ मोजावी लागेल, मोडीत मात्र घडणावळ कुणी देत नाही. एखादं घंगाळ, एखादी तपेली, ज्यावर आजेसासूंचं नाव कोरलंय ते ठेवा. स्वयंपाकात वापरणार असाल तर कल्हई करून घ्या, बिनकल्हईच्या पितळेत आमटी-ताक ठेवायचं नाही.

"आमच्याकडं चार दिवसांआड पाणी येतं. घरात माणसं सहा. दोनशे लिटरची सात पिंपं, वर घागरी, कॅन, बादल्या. मंडळी म्हणतात, हीच अडगळ आहे, निम्मी काढा. काढू का?" (पूर्व भाग)

दादा, पिंपांना हात लावू नका. माणशी रोज साठ लिटर धरले तर सहा माणसांना चार दिवसांचे १,४४० लिटर लागतात. तुमच्या सात पिंपांत मावतात १,४००. म्हणजे ही पिंपं तुमच्या गरजेला नेमकी आहेत. निम्मी विकली तर टँकरवाल्याला पैसे मोजाल. पुण्या-मुंबईच्या मासिकात "रिकामा कोपरा म्हणजे श्रीमंती" असं छापतात, त्यांच्या नळाला पाणी रोज असतं.

पण घरातल्या मंडळींचंही थोडं बरोबर आहे. चिरलेल्या बादल्या, झाकण हरवलेले कॅन, गच्चीवरचं फुटकं पिंप, टायर हे मात्र काढाच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि ती अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा कित्येक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक पिंप रिकामं करून आतून घासायचं, नुसतं ओतून देऊन भागत नाही. वर घट्ट झाकण, नसेल तर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं दोरीनं बांधायचं. घरातली दोन माणसं तापानं दवाखान्यात झोपली की सात पिंपांच्या किमतीपेक्षा जास्त बिल होतं.

अजून एक. नवीन पाणी आलं की "शिळं" म्हणून कालचं गटारात ओतायची आपल्याकडं पद्धत आहे. झाकलेलं पाणी चार दिवसांत शिळं होत नाही. ते धुण्याला आणि संडासाला वापरा. उजनीपासून इथवर पाणी चढवून आणायला वीज लागते आणि पाणीपट्टी आपणच भरतो.

"मुलं बाहेरगावी गेली, आम्ही दोघंच उरलो. तरी सवयीनं दर वर्षी दोन क्विंटल मंगळवेढ्याची ज्वारी भरतो. कणगीनं अर्धी खोली अडवली आहे. हे चूक की बरोबर?" (विजापूर रोड)

भाकरी दोन्ही वेळा खात असाल तर बरोबर. दोघांना दिवसाला अर्धा किलो धरलं तर वर्षाला १८२ किलो, म्हणजे दोन क्विंटलच्या जवळच आलं. एकच वेळ खात असाल तर नव्वद किलोत भागतं आणि उरलेली ज्वारी श्रावणापर्यंत सोंडे खातात. रब्बीची ज्वारी बाजारात नवीन असते तेव्हाच भरा, कडक ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून. पण भरायच्या आधी मागच्या वर्षीची किती उरली ते बघा. उरली असेल तेवढी वजा करून घ्या. कणगी काढून दोन पत्र्याच्या कोठ्या केल्यात तर खोलीही मोकळी होईल.

"वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली, वडीलही गेले. त्यांची ट्रंक उघडली तर दोन बँकांची जुनी पासबुकं, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, एका कंपनीचे शेअरचे कागद, जुन्या पाचशेच्या चौदा नोटा आणि दोन हजारच्या तीन निघाल्या. रद्दीवाला किलोनं कागद न्यायला तयार आहे."

रद्दीवाल्याला चहा पाजून परत पाठवा. ह्या एका ट्रंकेत बाकी सगळ्या पत्रांपेक्षा जास्त पैसा असू शकतो.

पासबुकं आधी. खात्यात दहा वर्षं काही व्यवहार झाला नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा करते. पैसे बुडत नाहीत, वारस केव्हाही त्याच बँकेत जाऊन मागू शकतो. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथं वडिलांचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून शोधता येतं. पण सगळ्या बँका त्यावर नाहीत. सहकारी बँकेचं पासबुक असेल तर थेट शाखेत जा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर त्या दुसऱ्या बँकेत. मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र, वारसाचे कागद बरोबर ठेवा.

फंडाच्या चिठ्ठीवर खाते क्रमांक असतो, तो हरवू देऊ नका. भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय सोलापुरातच आहे. मिल बंद झाली म्हणून खात्यातली रक्कम नाहीशी होत नाही. काढलेली नसेल तर वारसाला मिळते.

शेअर. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडं जातात. तिथूनही वारसाला परत मागता येतात, त्याचा वेगळा अर्ज आहे. वेळ लागतो, कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागतो. "मी सोडवून देतो, अर्धे मला द्या" म्हणणारे भेटतील. आधी स्वतः कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, लिहून किती शेअर आहेत ते विचारा.

नोटांचं ऐका. जुन्या पाचशेच्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीपासून चलनात नाहीत, आता कुठंही बदलून मिळत नाहीत. शिवाय २०१७ च्या कायद्यानं रद्द झालेल्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं गुन्हा आहे. तुमच्याकडं चौदा आहेत. आठवण म्हणून दोन-चार ठेवा, बाकीच्या फाडून टाका. कुणी टक्क्यावर बदलून देतो म्हणाला तर तो फसवतोय. दोन हजारच्या तीन मात्र अजून वैध आहेत. मे २०२३ मध्ये त्या मागं घेतल्या, रद्द केल्या नाहीत. बँकेच्या शाखेत आता घेत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत घेतात आणि पोस्टानं पाठवून स्वतःच्या खात्यात जमा करायचीही सोय आहे. सहा हजार रुपये आहेत हो, ट्रंकेत ठेवू नका.

हे सगळं बाजूला काढल्यावर उरलेली वीस वर्षांपूर्वीची लाइटची बिलं आणि लग्नपत्रिका खुशाल रद्दीत द्या. पत्रिकांवरचे गणपती कापून ठेवायचे असतील तर ठेवा, त्याबद्दल मी कुणाशी भांडत नाही.

"नवा फ्रीज घेतला. जुना गॅलरीत चालू ठेवलाय, उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांना बरा पडतो. हरकत नाही ना?" (होटगी रोड)

उन्हाळा संपला की बंद करा. जुना फ्रीज दिवसाला दीड युनिट खातो असं धरलं तरी महिन्याला ४५ युनिट झाले. महावितरणचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे आहेत. हे ४५ तुमच्या आधीच्या वापरावर चढतात, म्हणजे बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात बसतात. एक महिना बंद ठेवून बिल ताडून बघा. आणि एप्रिलमध्ये माठ आणा, गॅलरीतल्या वाऱ्याला तो छान गार होतो.

"वडिलांची दोन पोती पुस्तकं वाचनालयाला दान करायची आहेत. रिक्षा करून नेऊ का?"

आधी यादी करून न्या, पोती नंतर. वाचनालयांकडं जागा आपल्यापेक्षा कमी असते आणि पाठ्यपुस्तकं, फाटकी मासिकं ती घेत नाहीत. नकार मिळाला तर रिक्षाचं भाडं दोन्ही वेळचं तुमच्या अंगावर पडेल.